एकदा बघायला हरकत नाही

“नायिका जरा सावळीच आहे,” बाहेरच्या खोलीतून श्रीरंगच्या आईंचा आवाज आला. “जाहिरातीत उजळ दिसत होती, म्हणून तर गेलो बघायला.”

मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. साखरेचा चमचा हातातच राहिला.

“नाकीडोळी बरी आहे तशी,” हा त्याच्या मामांचा आवाज. “पण संवाद फार, अक्का. मला तर संवादच जास्त वाटले.”

“विचारावं एक तर सांगते दोन. हल्लीच्या नायिका अशाच.”

“आणि बॅनरही काही मोठं नाही. सेट बघितलेस ना? खर्च म्हणून कशावर केलेला नाही.”

आमच्या बाहेरच्या खोलीत तेव्हा पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या होत्या, शेजारून मागून आणलेलं टीपॉय होतं, आणि भिंतीवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रंगवलेलं कृष्णा-कोयनेच्या संगमाचं चित्र होतं. खर्च केलेला नव्हता ही गोष्ट खरीच होती.

सांगलीची ही मंडळी मला बघायला आली होती. पोहे देऊन, समोरच्या खुर्चीत बसून, सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन मी नुकतीच आत आले होते. असे किती कार्यक्रम झाले ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ह्या वेळचं स्थळ दादांच्या चुलतभावानं, बाळूकाकांनी आणलेलं. मुलगा, श्रीरंग, वीज मंडळात इंजिनिअर, घर स्वतःचं, मागणी काही नाही. दादा गेले आठ-पंधरा दिवस जमिनीवरून चालत नव्हते. हायस्कुलात चित्रकला शिकवून ते निवृत्त व्हायला आले होते, आणि मी उजवली जाण्याआधी आपण निवृत्त होणार ही धास्ती त्यांना रात्रंदिवस होती.

“नोकरीचं काय करणार?” असं अक्कांनी मला विचारलं होतं. श्रीरंगच्या आईंना सगळे अक्काच म्हणत.

“करणार,” मी म्हटलं होतं. “सांगलीलाही एक्स्चेंज आहे. बदली मागता येते.”

अक्का हसल्या होत्या. मग “चहा टाकतेस ना?” म्हणून मला आत पाठवलं होतं.

मी कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. खरखरणाऱ्या लाइनीवर माणूस पाटण म्हणाला की पाटस, हे पहिल्या झटक्यात ओळखायचं, हे माझं काम. तेव्हा भिंतीपलीकडून आलेलं बोलणं मला नीट ऐकू आलं होतं यात शंका नव्हती. शंका एवढीच होती, की बाहेर खरंच सिनेमाच्या गप्पा चालल्यात, की लेकी बोले सुने लागे?

“कुठला सिनेमा म्हणायचा हा?” दादांनी भाबडेपणानं विचारलं. दादांनी लग्नानंतर टॉकीजची पायरी चढलेली नव्हती.

“तो हो, स्टँडामागच्या टॉकीजला बोर्ड लागलाय तो,” मामा म्हणाले. “‘सात नंबरची चौकी’.”

“हां, हां, तो होय!” हे आमचे बाळूकाका. गप्पा चालू आहेत आणि आपण त्यात नाही, हे काकांना कधी सोसायचं नाही. “मी पण बघितला की. गाणी फक्कड आहेत.”

मामा जरासे थांबले. मग म्हणाले, “हो ना. गाणी आहेत चांगली.”

“मग अक्का, एकंदरीत काय म्हणायचं?” त्यांनीच पुढे विचारलं.

“एकंदरीत,” अक्का सावकाश म्हणाल्या, “एकदा बघायला हरकत नाही. पण काटछाट करावी लागेल. तोंडाला आधी. काटछाट केली तर चालून जाईल.”

चहा उतू गेला. आई माझ्याकडे बघत होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं हळूच मान हलवली, जाऊ दे म्हणून. तिचं सगळं आयुष्य ‘जाऊ दे’वरच निघालेलं. मी कपबशा ट्रेमध्ये मांडल्या, चहा गाळला आणि बाहेर गेले.

ट्रे टीपॉयवर ठेवून मी उभीच राहिले.

“काटछाट करायला मी काही शर्टाचं कापड नाही,” मी अक्कांना म्हटलं. “आणि माझं तोंड चालतं हे खरं आहे. त्याचाच मला पगार मिळतो.”

दादा अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

“अगं बाई,” अक्कांनी छातीवर हात ठेवला. “आम्ही सिनेमाचं बोलतोय गं. तुला काय वाटलं?”

मामा मोठ्यानं हसले. “खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.”

“अगं शालन, वेडी का तू?” बाळूकाका माझ्यावरच उखडले. “सात नंबरच्या चौकीचं बोललो आम्ही. मी स्वतः बघितलाय तो. सावळीच आहे त्यातली बाई.”

काकांनी असं ठामपणे सांगितल्यावर माझ्या पायाखालची जमीन हलली. अक्का आणि मामा परके, ते खोटं बोलतील. काका आमच्या घरातले, त्यांना माझ्याबद्दल लबाडी करण्याचं कारण नव्हतं. म्हणजे सिनेमा खरा होता आणि त्यात सावळी, तोंडाळ नायिकाही होती. मी श्रीरंगकडे बघितलं. तो आल्यापासून फार बोललाच नव्हता. तो कपात बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“माफी माग,” दादा म्हणाले.

“दादा...”

“शालन, माफी माग त्यांची.”

दादांनी मला लहानपणीसुद्धा कधी चारचौघांत रागावलं नव्हतं. मी माफी मागितली. अक्का म्हणाल्या, “असू दे हो, पोरीची जात, मनाला लागतं.” सगळे मोठ्या मनानं चहा प्यायले.

निघताना बाकीचे रस्त्यावर गेले. श्रीरंग दारात बुटाच्या नाड्या बांधत मागे राहिला. मी रीत म्हणून दारात उभी होते. तो मान वर न करता म्हणाला, “सिनेमा गुरुवारपर्यंत आहे इथे. मी सांगलीला बघितलाय. जमलं तर बघा.”

अजून चिडवतोय, असंच मला वाटलं.

ते लोक गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस.” पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. संध्याकाळी मी दादांपुढे ताट ठेवलं तेव्हा ते म्हणाले, “जगात कुणी काही बोललं की ते तुझ्याबद्दलच असतं, असं कधीपासून वाटायला लागलं तुला?”

ते मला फार लागलं. अक्कांचा शब्द न् शब्द एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. कारण मी विचार करायला लागले, तर ते खरंही असू शकत होतं. इतक्या वेळा बघितली गेले होते, इतक्या वेळा ‘कळवतो’ ऐकलं होतं, की आता कुणी वांग्याला सावळं म्हटलं तरी माझी मान वर होत असेल. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसले, तर एका माणसाला दोनदा विचारलं, “काय म्हणालात? पुन्हा सांगा.” असं माझं कधी होत नसे. ज्या कानांवर मी पोट भरत होते त्यांच्यावरचाच माझा विश्वास उडाला होता.

म्हणून बुधवारी सकाळी मी आईला सांगितलं, “आज मला दुपारी सुटी आहे. मी तो सिनेमा बघून येणार आहे.”

“एकटी?”

“एकटी.”

दादा अंगणात दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “मी येतो बरोबर. बघू तरी, त्यात काय एवढं तुझ्यासारखं आहे ते.”

दुपारच्या खेळाला गर्दी बेताचीच होती. टॉकीजच्या पत्र्याखाली उकाडा साठलेला, पंखे नुसतेच आवाज करणारे. आम्ही मधल्या रांगेत बसलो. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, शाळेत तपासणीसाहेब आल्यावर ठेवत तशी. माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या टॉकीजात मी सोडून बाईमाणूस नाही. पण दुपारची वेळ, बायका कुठून येणार, असं मी मनाला समजावलं.

सिनेमा सुरू झाला. घाटातली एक जंगल खात्याची चौकी. तिथं चार रखवालदार, त्यांचा एक तापट अंमलदार आणि पकडून आणलेला एक चंदनचोर. पावसानं दरड कोसळते, रस्ता बंद होतो, आणि ही सहा माणसं चौकीत अडकतात. चोरावर पहारा कुणी द्यायचा, उरलेलं पीठ कुणी खायचं, यावरून त्यांच्यात जुंपते. सिनेमा वाईट नव्हता. पण मी तो कुठला बघतेय? मी नायिकेची वाट बघत होते. सावळी, नाकीडोळी बरी, तोंडाची फटकळ. ती आली की मला कळणार होतं, मी खुळी की शहाणी.

“ही सगळी चौकीत आहेत तोवर ती कशी येणार?” दादा माझ्या कानात म्हणाले. “गावात दाखवतील. येईल.”

एक रखवालदार घरच्या आठवणी सांगायला लागला तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरले. “आता बघ. बायकोची आठवण आली म्हणजे ती येणार.” पण रखवालदार नुसतंच बोलला, आणि मग झोपला.

थोड्या वेळानं पडद्यावर काळोखात चौकीचं दार वाजलं. सगळ्यांनी बंदुका उचलल्या. दार करकरत उघडलं. दादांनी माझ्या हातावर हात ठेवला. “आली.”

दारात एक भिजलेली शेळी उभी होती.

टॉकीज हसलं. मीही हसले असते, पण दादांचा हात माझ्या हातावर तसाच होता.

मध्यंतर झालं. दादांनी उभं राहून शेजारच्या माणसाला विचारलं. तो पटकेवाला गडी होता, सोड्याची बाटली तोंडाला लावून बसलेला. “अहो पाव्हणं, ह्यातली नायिका कधी येते?”

“कोण?”

“नायिका. बाई.”

“बाई?” तो हसला. “ह्यात बाई न्हाय, मास्तर. म्या दुसऱ्यांदा बघतूय. ती शेळी तेवढी मादी.”

“आणि गाणी?”

“गाणी बी न्हाईत. लई भारी पिच्चर हाय पण. शेवट बघा.”

दादा सावकाश पुन्हा खाली बसले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, मग काढली. मला वाटलं, आता उठून निघतील. पण ते बसून राहिले.

दुसऱ्या अर्ध्यात चंदनचोराला जीवदान मिळालं की तो मेला, ते मला आज सांगता येणार नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि मला एकच कळत होतं, की माझे कान धड आहेत. ह्या आनंदानं मला रडू आलं. ते दिवस असे होते, की आपलं कुणी वाईट बोललं होतं ह्याची खात्री पटल्याचा मला आनंद झाला.

सिनेमातलं एक दृश्यही अक्का-मामांनी बघितलेलं नव्हतं. स्टँडवरून येताना बोर्ड बघितला, नाव वाचलं आणि ती नावाची शाल पांघरून माझ्या बापासमोर माझा भाव केला. ते अगदी सफाईनं बोलत होते. म्हणजे ही त्यांची जुनीच रीत असणार, आमच्याआधी किती घरांत त्यांनी असे सिनेमे बघितले असतील कोण जाणे. त्यात आमच्या काकांनी फुशारकीपायी गाणीही घातली.

दिवे लागले. लोक उठून गेले. झाडूवाला पुढच्या रांगेपाशी आला तरी दादा बसूनच होते.

“जाहिरातीत उजळ दिसत होती, असं म्हणाल्या ना त्या?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ती जाहिरात मी केली होती.”

मला आधी कळलंच नाही.

“तुझा फोटो गं. सगळीकडे पाठवतो तो. स्टुडिओतनं आणल्यावर मी त्यावर ब्रश फिरवला होता. अगदी पातळ हात. गालावर आणि इथं कपाळावर.” ते स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवत होते. “नाक पण किंचित सरळ केलं. कुणाला ओळखू येणार नाही असं केलं होतं. आईलाही सांगितलं नाही तुझ्या.”

मला तो फोटो आवडायचा. मी त्यात बरी दिसते असं मला वाटायचं.

“मला वाटलं, तेवढ्यानं काम होईल,” दादा म्हणाले. “काटछाट त्यांच्याआधी मीच केली.”

मग ते म्हणाले, “आणि परवा माफी तू मागायची नव्हतीस. मी मागायला लावली. ती चूक माझी.”

असं दादा मला कधी बोलतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी म्हटलं, “चला, आई वाट बघत असेल.” आम्ही मंडईतून घरी आलो. वाटेत त्यांनी मला भजी घेऊन दिली, लहानपणी चित्रांच्या परीक्षेहून येताना द्यायचे तशी.

श्रीरंगचा मात्र मी नंतर पुष्कळ वर्षं विचार केला. त्याला सगळं माहीत होतं. आईसमोर तोंड उघडायची त्याची छाती नव्हती, पण मी खोटी पडू नये एवढं त्याला वाटलं. नाड्या बांधताना खाली बघून जेवढं सांगता येतं तेवढं त्यानं सांगितलं. त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. फक्त, जन्मभर त्याच्या नाड्या बांधून होण्याची वाट बघत दारात उभं राहणं मला जमलं नसतं.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळूकाका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दारातूनच म्हणाले, “गजाभाऊ, तोंड गोड करा. होकार आलाय.”

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी ड्युटीवर निघाले होते, चप्पल घालता घालता थांबले.

“मोठ्या मनाची माणसं,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “झालं गेलं विसरून गेली. मुलगी पसंत आहे म्हणाले. नोकरी तेवढी सोडायची आणि लग्नानंतर जरा बोलणं बेतानं. घरात वडीलधारी आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. आता शालनचं वय बघता...”

काकांनी ते वाक्य पुरं केलं नाही, पण पुरं करायची गरजही नव्हती. दादांनी ते गेली काही वर्षं रोज मनात पुरं केलेलं होतं. मी दादांकडे बघत होते. होय म्हणायला त्यांना एक शब्द पुरला असता, आणि कालच्या टॉकीजमधलं बोलणं तिथल्या झाडूबरोबर निघून गेलं असतं.

दादांनी पुडा हातात घेतला, पण उघडला नाही.

“बाळू,” ते म्हणाले, “तो सिनेमा तू खरंच बघितलास?”

“कुठला?”

“सात नंबरची चौकी.”

“म्हणजे काय. पहिल्याच दिवशी.”

“नायिका कशी वाटली?”

“चांगली आहे की,” काका म्हणाले. “जरा सावळी आहे, पण काम झकास केलंय पोरीनं.”

आईनं तोंडाला पदर लावला. काल सगळं तिला कळलं होतं. दादा हसले नाहीत. त्यांनी पेढ्यांचा पुडा काकांच्या मांडीवर परत ठेवला.

“आम्हीही बघून आलो,” ते म्हणाले. “सांगलीला निरोप दे, एकदा बघायला हरकत नव्हती. पुन्हा नको.”

काका गोंधळून आमच्या तोंडांकडे बघायला लागले. “अहो गजाभाऊ, मी स्थळाचं विचारतोय. तुम्ही सिनेमाचं काय घेऊन बसलात?”

“मीही स्थळाचंच बोलतोय,” दादा म्हणाले. “आणि येताना तेवढा फोटो परत घेऊन ये. त्यात माझी मुलगी नाही.”